कोतवाल-बुकाचें एक पान

आमच्या संग्रहांत एक लहानसें बाड होतें. ‘होतें’ असें भूतकाळीं लिहितों, त्याचें कारण लेखाच्या शेवटीं वाचकांस कळेल. पानें नऊ, कागद गिरणीचा, पिवळा पडलेला, वरची कड उंदरांनीं खाल्लेली, शाई काळी, क्वचित् जांभळी, लिपि बहुतांशीं मोडी, मधून मधून बालबोध, साल १९३८. हीं पानें आम्हीं सुमारें सोळा वर्षांपूर्वीं नागपुरांत इतवारींतील एका रद्दीवाल्याकडून वजनावर घेतलीं. नागपूर जिल्ह्यांतील एका खेड्याच्या कोतवाल-बुकाचा तो तुटका भाग होता. मोडीच्या उतरत्या काळांतील वळण अभ्यासकांस दाखवावयास बरें, एवढ्याच हेतूनें तीं पानें आम्हीं जपून ठेवलीं, व एकदोन प्रदर्शनांत कांचेखालीं मांडलींहि. त्यांवर जीं नांवें होतीं त्यांचा विचार आम्हांस कधीं शिवला नाहीं.

सांप्रत प्रत्येक मनुष्यास आपण कोण आहों हें कागदानें सिद्ध करावें लागतें. परदेशीं जाणाऱ्यास पासपोर्ट लागतो. घरीं राहणाऱ्यास आधार लागतें. आणि तीं मिळविण्यास आणखी जुने कागद लागतात. हा प्रश्न आपल्या विषयाबाहेरचा आहे असें बखरी व सनदा पाहणाऱ्या आमच्या बंधूंस वाटण्याचा संभव आहे. तसें तो नाहीं, हें दाखविणें हाच प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

ओळखीच्या खुणेस संस्कृतांत ‘अभिज्ञान’ म्हणतात. कालिदासाच्या प्रसिद्ध नाटकाचें नांवच या शब्दावरून पडलें आहे. दुष्यन्ताची अंगठी शचीतीर्थीं पाण्यांत पडते, व ती हरवतांच विवाहित स्त्री भर सभेंत परकी ठरते. पुढें धीवरास माशाच्या पोटीं मुद्रिका सांपडते आणि मग राजास सर्व आठवतें. शकुन्तला तीच, तिचें सत्यहि तेंच. उणी होती ती केवळ खूण. कवीनें शापाची योजना करून राजाचा दोष झांकला आहे. आमच्या काळच्या कचेऱ्यांस शापाची सबब नाहीं. परंतु कागद हरवला म्हणजे माणूस परका होतो, हा अनुभव मात्र तोच आहे.

राज्यकारभारांतील अभिज्ञानाचा विचार कौटिल्यानें स्वतंत्र अधिकरणस्थ अधिकाऱ्याच्या रूपानें केला आहे. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांतील चौतिसाव्या अध्यायांत मुद्राध्यक्ष येतो. एक माषक घेऊन त्यानें मुद्रा द्यावी. मुद्रा असलेल्यानेंच जनपदांत यावें अथवा बाहेर जावें. जनपदांतीलच मनुष्य मुद्रेवांचून फिरल्यास त्यास बारा पण दंड. खोटी मुद्रा बाळगल्यास पूर्वसाहस दंड, व तो परदेशी असल्यास उत्तमसाहस. आणि मुद्रा तपासण्याचें काम विवीताध्यक्षाकडे, म्हणजे कुरणांवरील अधिकाऱ्याकडे, अशी ती व्यवस्था आहे. फी, दंड, बनावट कागदाचें शासन व सीमेवरील तपासणी, हीं आजच्या पासपोर्टाचीं चारहि अंगें येथें आहेत. एक अंग मात्र नाहीं. मुद्रा मागणाऱ्यानें आपण अमुक आहों हें कशानें सिद्ध करावें, याविषयीं कौटिल्य मौन धरतो. गांव लहान, गोप व स्थानिक हे अधिकारी घरें व माणसें मोजून ठेवीत, तेव्हां तो प्रश्न त्यास पडला नसावा असें आमचें अनुमान आहे. ओळख देणारा मनुष्य हाताशीं असल्यावर कागदाची गरज कोणास?

मराठेशाहींतील दस्तकें आमच्या वाचकांच्या नित्य परिचयाचीं आहेत. काशीयात्रेस निघालेल्या मंडळीस वाटेंत जकातीचा उपसर्ग होऊं नये म्हणून दिलेलीं दस्तकें संग्रहोसंग्रहीं आढळतात. त्यांत मुख्य यात्रेकरूचें नांव, बरोबरच्या माणसांचा व जनावरांचा आंकडा आणि शेवटीं मोर्तब एवढेंच असतें. धारकाचा रंग, उंची, वय यांचा बहुधा उल्लेख नसतो. कारण दस्तक हें देणाऱ्याच्या अधिकाराचें पत्र होतें, घेणाऱ्याच्या देहाचें वर्णन नव्हे. देहाचें वर्णन लष्करांत लागे. अकबराच्या कारभारांत घोड्यास डाग व स्वारास चेहरा लिहिण्याची चाल होती. हजिरीच्या वेळीं भाड्याचे स्वार व उसने घोडे उभे करून पगार उकळणाऱ्यांस आळा घालणें हा तिचा हेतु. ज्याच्याविषयीं सरकारास अविश्वास, त्याचा चेहरा लिहावयाचा, हा नियम तेव्हांपासूनचा आहे.

अक्षरशून्य मनुष्याच्या ओळखीचीहि आपल्याकडे सोय होती. पाटलाच्या नांवापुढें ‘निशाणी नांगर’ आपण शेकडों महजरांवर वाचलें आहे. इतर बलुतेदारांचींहि आपापल्या हत्यारांचीं चिन्हें असत. ही निशाणी एका व्यक्तीची नव्हे, वतनाची. नांगर काढणारा अमुकच पाटील, हें गोतसभेंत बसलेल्यांस ठाऊक असे. कागद पुरावा होता तो सभेच्या स्मृतीच्या जोरावर.

ही स्मृति अपुरी पडली म्हणजे काय होतें, याचें आपल्या इतिहासांतील ठळक उदाहरण तोतयाचें आहे. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजीं सदाशिवरावभाऊ पडले. परंतु त्यांच्या अंताविषयीं लोकांच्या मनांत किन्तु राहिला, व पार्वतीबाईंनींहि वैधव्य मानलें नाहीं. पुढें बुंदेलखंडाकडील एक कनोजा ब्राह्मण भाऊसाहेब म्हणून पुढें आला. थोरल्या माधवरावांच्या वेळीं त्याची चौकशी होऊन तो किल्ल्यांवर कैदेंत पडला. १७७६ सालीं रत्नागिरीहून तो सुटला. कोंकणांतील किल्ले त्यास वश झाले, फौज जमली, पैसा जमला. अखेरीस राघोजी आंगऱ्यांच्या हातीं सांपडून तो पुण्यास आणला गेला, भाऊसाहेबांस पूर्वीं पाहिलेल्यांच्या साक्षी झाल्या, आणि डिसेंबर १७७६ मध्यें त्यास देहान्त शासन झालें. नरसिंह चिंतामण केळकर यांच्या नाटकामुळें ही कथा महाराष्ट्रीयांच्या घरोघरीं पोंचली. आम्हांस येथें एवढेंच दाखवावयाचें कीं, राज्याच्या कारभाऱ्यास लाखों लोकांनीं पाहिलेलें असूनहि पंधरा वर्षांनंतर त्याची ओळख पटवितां राज्याची तारांबळ उडाली. चेहरा बदलतो, साक्षीदार मरतात, व राहिलेले साक्षीदार आपल्या इच्छेप्रमाणें पाहतात. स्मृतीस कागदाची जोड हवी, ही शिकवण त्यांत आहे.

ती जोड इंग्रजी अमलांत मिळाली. परंतु तिचा हेतु बहुधा प्रजेवरील अविश्वास हाच होता. १८५८ सालीं बंगालमधील जंगीपूर येथें विल्यम हर्शेल या अधिकाऱ्यानें राज्यधर कोनाई नांवाच्या कंत्राटदाराच्या तळहाताचा ठसा करारावर घेतला, तो आपला करार त्यानें नाकारूं नये म्हणून. त्यांतूनच बोटांच्या ठशांचें शास्त्र निघालें, व १८९७ सालीं कलकत्त्यास ठशांची कचेरी स्थापन झाली. निशाणी नांगर गेली व निशाणी आंगठा आली. नांगर ओळखण्यास गोतसभा लागे. आंगठा ओळखण्यास तज्ज्ञ लागूं लागला.

समुद्रापार गेलेल्या मराठी मनुष्यावर हा प्रयोग अधिक कडकपणें झाला. १८३४ पासून मॉरिशसला गिरमिटाचे मजूर जाऊं लागले; मुंबई बंदरांतून गेलेल्यांत रत्नागिरीकडील मराठी कुटुंबें पुष्कळ होतीं. उतरतांच प्रत्येकास क्रमांक मिळे. नांव, बापाचें नांव, गांव, जात, उंची व अंगावरील खुणा वहींत चढत. १८६७ च्या कायद्यानें तर गिरमिट संपवून मोकळ्या झालेल्या मजुरासहि छायाचित्रासह परवाना जवळ बाळगणें भाग पडलें. तो नसल्यास अटक. या छळाविरुद्ध १८७१ सालीं आदोल्फ द प्लेविट्झ यानें मजुरांच्या वतीनें अर्ज केला व पुढील वर्षीं चौकशी आयोग आला. आतां दैवगति पाहावी. त्याच वह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत जपून ठेविल्या आहेत. आणि मार्च २०२४ मध्यें सातव्या पिढीपर्यंतच्या मॉरिशसवासीयांस भारताच्या परदेशस्थ नागरिकत्वाचें कार्ड देण्याचें जाहीर झाल्यापासून, पणजोबाच्या बापास पकडण्यासाठीं लिहिलेली ओळ हीच पणतवंडास मातृभूमीचें दार उघडणारी किल्ली झाली आहे. कागद कोणत्या हेतूनें लिहिला गेला यावरून तो पुढें कोणाच्या उपयोगी पडेल हें ठरत नाहीं. संग्राहकांनीं हें सूत्र मनांत वागवावें.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. मध्यप्रांतांत गांवच्या जन्ममृत्यूची वर्दी देण्याचें काम कोतवालाकडे होतें. हा कोतवाल शहरचा अधिकारी नव्हे, तर गांवचा जागल्या; नागपूर भागांत तो बहुतेक गांवीं महार समाजांतील असे. तो स्वतः बहुधा निरक्षर. अमक्याच्या घरीं मुलगा झाला, तमक्याची म्हातारी गेली, हें तो ध्यानांत ठेवी, व ठाण्यावर जाऊन तेथील लेखकाकडून आपल्या बुकांत चढवून घेई. बापाचें नांव ‘वल्द’ घालून आज्याच्या नांवासह, जात, मुलगा कीं मुलगी, आणि तारीख, एवढा मजकूर. बारशापूर्वींच वर्दी जात असल्यानें मुलाचें नांव पुष्कळदां नसेच. ज्यास गांवच्या विहिरीवर पाणी भरण्याची व देवळाची पायरी चढण्याची बंदी होती, त्याच्या स्मरणशक्तीवर साऱ्या गांवाच्या, सवर्णांच्यासुद्धां, जन्माचा पुरावा उभा आहे. आज ज्या कुटुंबांस कोतवाल-बुकांतील नोंदीनें आधार दिला आहे, त्यांनीं हें ऋण विसरूं नये.

दुसरा कागद शाळेचा. दाखल-खारीज रजिस्टर हें आम्ही शिक्षकांनीं भरावयाचें. येथें आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. मुलास घेऊन आलेल्या बापास जन्मतारीख विचारली असतां तो मानमोडीचें साल, पुराचें साल, अमक्या लग्नाच्या आधींचा पावसाळा असें सांगे. १९१८ च्या मानमोडीची खूण आमच्या गुरुजनांच्या काळची. आमच्या नोकरीच्या आरंभींहि अशा खुणा सांगणारे पुष्कळ येत. मग शिक्षक मुलाकडे पाहून, पहिलींत घेण्याजोगें वय धरून, शाळेच्या वर्षारंभाची तारीख लिही. आमच्या भागांत ती १ जुलै. या तारखेस जन्मलेल्यांचा जो मोठा समुदाय विदर्भांत नांदतो त्याचे जनक आम्ही मास्तर आहों. त्यावेळीं तें लिहितांना हात कांपला नाहीं; पोर शाळेंत आलें हेंच मोठें वाटे. ही तारीख पुढें त्याच्या नोकरीची, निवृत्तीची, पासपोर्टाची तारीख होईल हें आम्हीं कल्पिलें नव्हतें.

आडनांवाचीहि तीच गोष्ट. कोतवाल-बुकांत ‘गणपत वल्द सखाराम’ असणारा मनुष्य शाळेंत गांवावरून अथवा धंद्यावरून आडनांव घेई. आजा एका नांवाचा, नातू दुसऱ्या, व मधला दुवा मास्तराच्या लेखणींत. शिवाय नागपुरांत १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतर पुष्कळांनीं जातीच्या रकान्यांत ‘बौद्ध’ लिहिलें. अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांस केंद्राच्या कायद्यानें १९९० सालीं लागू झाल्या; तेव्हां बापाचा ‘बौद्ध’ आणि आज्याचा ‘महार’ हे दोन कागद जोडून दाखविण्याची वेळ नातवंडांवर आली. जातपडताळणींत अनुसूचित जातींस १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींस ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्यांस २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांस १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वींचा पुरावा विचारतात. म्हणजे आमच्या शास्त्राची हद्द आतां पानिपतापाशीं संपत नाहीं. ती आजोबांच्या शाळेपर्यंत आली आहे. २०२३ सालीं मराठवाड्यांतील जुन्या नोंदी शोधण्यास न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली, तेव्हां मोडी वाचणाऱ्यांचा शोध गांवोगांवीं सुरू झाला. ज्या विद्येस आमचे शेजारी निरुद्योगी मनुष्याचा छंद म्हणत, तिच्यासाठीं दाराशीं लोक उभे राहूं लागले.

पासपोर्टाचा इतिहास त्या मानानें अर्वाचीन आहे. पहिल्या महायुद्धापूर्वीं बहुतेक प्रवास त्यावांचून होई. युद्धकाळीं हिंदुस्थान संरक्षण कायद्याखालीं तो सक्तीचा झाला; १९२० सालीं इंडियन पासपोर्ट ॲक्ट आला, आणि त्याच वर्षीं राष्ट्रसंघाच्या पॅरिस येथील परिषदेंत बत्तीस पानांच्या पुस्तिकेचा सर्वमान्य नमुना ठरला. स्वातंत्र्यानंतरहि पासपोर्ट देणें न देणें सरकारच्या मर्जीवर होतें. १० एप्रिल १९६७ रोजीं सतवंतसिंग यांच्या खटल्यांत परदेशगमन हें घटनेच्या एकविसाव्या कलमांतील व्यक्तिस्वातंत्र्याचें अंग आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें तीन विरुद्ध दोन मतांनीं दिला. तेव्हां २४ जून १९६७ चा पासपोर्ट कायदा झाला. २५ जानेवारी १९७८ च्या मनेका गांधी खटल्यानें त्या हक्कास अधिक बळकटी आली. मुद्रा ही राजाची कृपा होती. ती प्रजेचा हक्क झाली. आणि १ एप्रिल २०२४ पासून चिप बसविलेल्या ई-पासपोर्टाचा प्रयोग सुरू झाला, त्यांत आरंभींच्या स्थानांत आमचें नागपूर होतें, याचा नागपूरकरांस उगाच थोडा अभिमान वाटतो.

आधाराचा प्रारंभ तर महाराष्ट्रांतच झाला. २९ सप्टेंबर २०१० रोजीं नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या आदिवासी गांवीं पहिले बारा आंकडी क्रमांक दिले गेले. ज्यांच्याजवळ एकहि कागद नाहीं त्यांच्यासाठीं या योजनेंत परिचयदात्याची सोय ठेवण्यांत आली. म्हणजे एका ओळखीच्या मनुष्यानें हा अमुक आहे असें सांगावयाचें. डोळ्याच्या बुबुळाचा ठसा घेणारें यंत्रहि शेवटीं गोतसभेकडेच आलें! यंत्र एवढेंच सांगतें कीं काल आलेला व आज आलेला मनुष्य एकच. तो कोण, कोणाचा, केव्हां जन्मला, हें यंत्रास ठाऊक नसतें. म्हणूनच २०१६ च्या आधार कायद्यांत हा क्रमांक नागरिकत्वाचा पुरावा नव्हे असें स्पष्ट म्हटलें आहे. आणि ऑक्टोबर २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें वयाच्या प्रश्नीं आधारापेक्षां शाळेच्या दाखल्यास अधिक ग्राह्य मानलें. त्याच न्यायालयानें १९८८ सालीं बिरदमल सिंघवी यांच्या खटल्यांत असेंहि सांगितलें होतें कीं, शाळेंतील तारखेमागें ती माहिती कोणी व कशावरून दिली हें दिसत नसेल तर तिला फारसें मोल नाहीं. दोन्ही निर्णय आम्हां मास्तरांनीं जोडून वाचावे.

यावरून सिद्धान्त निघतो तो असा. ओळखपत्र हें स्वयंभू नसतें. पासपोर्ट आधारावर, आधार शाळेच्या दाखल्यावर, दाखला मास्तराच्या अंदाजावर, आणि खरी तारीख कुठें असलीच तर ती कोतवालाच्या स्मरणावर उभी असते. वंशावळींत एक पुरुष गहाळ झाला म्हणजे वतनाचा दावा जसा अडतो, तसाच येथें मधला एक कागद गेला म्हणजे मनुष्य अडतो. जे १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मले त्यांस ही अडचण नाहीं. त्यांच्या जन्माचा पुरावा म्हणून जन्मदाखला हाच एक कागद कायद्यानें ठरविला आहे. परंतु त्यापूर्वीं जन्मलेले आम्ही सर्व जुन्या बाडांचे आश्रित आहों.

आतां आमच्या नऊ पानांकडे येतों. दोन वर्षांपूर्वीं आमचा एक जुना विद्यार्थी मोडी उतारा वाचून घेण्यास आला. नांवगांव मुद्दाम देत नाहीं. त्याचे वडील चौथीपर्यंत शिकलेले. वय पंच्याऐंशीच्या घरांत. धाकटा मुलगा परदेशीं स्थायिक. आधारावर वडिलांची जन्मतारीख १ जानेवारी १९४०, शाळेच्या दाखल्यावर १ जुलै १९३८. दोहोंचा मेळ नाहीं म्हणून पासपोर्टाचा अर्ज अडलेला. आधारांतील तारीख दुरुस्त करण्यास जन्मदाखला हवा, व उशिरां जन्मनोंद करून घेण्यास जुना पुरावा हवा. पांच वर्षांपूर्वींच त्यानें गांवच्या कोतवाल-बुकाचा शोध घेतला होता. तेथें १९३७ पर्यंतचा भाग मिळाला, पुढील कांहीं पानें गहाळ असा शेरा मिळाला. तो ज्येष्ठ चुलत्याच्या नोंदीचा उतारा घेऊन आला होता. गांवाचें नांव वाचतांच आमच्या छातींत धस्स झालें.

आम्हीं कपाट उघडलें. सातव्या पानावर, १९ ऑगस्टच्या तारखेस, त्याच्या आज्याचें नांव वल्दासह होतें, जात होती, ‘मुलगा’ असा शब्द होता, नांवाचा रकाना कोरा होता. आज्यास मुलगे दोनच. थोरल्याची नोंद १९३४ ची त्याच्या हातांत होती. तेव्हां हा कोरा रकाना कोणाचा याविषयीं शंका राहिली नाहीं. तो सद्गृहस्थ बराच वेळ त्या कोऱ्या जागेकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, “गुरुजी, हें आपल्याकडे कधींपासून?” आम्हीं खरें सांगितलें. तो कांहीं बोलला नाहीं. त्याची आई तीन वर्षांपूर्वीं वारली होती. पहिला शोध केला तेव्हां ती हयात होती, आणि दोघां वृद्धांचे अर्ज बरोबर करावयाचे म्हणून तिचाहि अर्ज थांबविलेला होता. नातवाचें तोंड तिनें पाहिलें तें भिंतीवरच्या तसबिरींत.

पान सांपडलें तरी काम संपलें नाहीं. तीस वर्षांपलीकडील कागद योग्य ताब्यांतून आला असेल तर तो खरा धरून चालावें, असें १८७२ च्या पुरावा कायद्याचें नव्वदावें कलम सांगे. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांत तेंच तत्त्व ब्याण्णवाव्या कलमांत आहे. सारा भर ‘योग्य ताब्यां’वर आहे. सरकारी दप्तरांतलें पान दप्तरांत असतें तर तें बोललें असतें. एका मास्तराच्या कपाटांतून निघालेलें पान संशयित. आम्हांस लेखी जबानी द्यावी लागली. पानांची शिलाईचीं भोकें मूळ बुकाच्या भोकांशीं जुळवून दाखवावीं लागलीं. अक्षर व शाई मागील पानांशीं ताडून दाखवावी लागली. हें आमचें नेहमींचेंच काम. पण या वेळीं तपासले जात होतों आम्ही. चौकशी आठ महिने चालली. नोंद मान्य झाली, नऊ पानें जेथून निघालीं होतीं तेथें परत गेलीं, आणि १९ ऑगस्ट १९३८ ही तारीख असलेला पासपोर्ट त्या वृद्धांस मिळाला. ते एकटेच परदेशीं गेले.

आम्हीं तीं पानें चोरलीं नव्हतीं. विकत घेतलीं होतीं, व कदाचित् वाळवीपासून वांचविलींहि होतीं. हें समाधान आम्हीं आपल्या मनास देऊन पाहिलें; तें टिकलें नाहीं. वांचविलेली वस्तु कोणाची हें आम्हीं विचारलें नाहीं, हाच तो दोष. कागद सनदेचा असता तर कोणत्या घराण्याचा, कोणत्या गांवचा, याचा छडा लावण्यास आम्हीं सहा महिने घालविले असते. कुणब्या-तेल्याच्या पोरांच्या जन्माचा होता म्हणून त्यास ‘मोडीचा नमुना’ अशी चिठ्ठी लावून मोकळे झालों.

यास्तव संग्राहक बंधूंस आमची विनंति आहे. रद्दींत गांवचीं जन्ममृत्यूचीं, शाळेचीं अथवा जमिनीचीं रजिस्टरें आढळलीं तर तीं फोडूं नयेत. कोठून व कोणाकडून आलीं तें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. छायाचित्र घेऊन मूळ वस्तु तहशिलींत अथवा पुराभिलेख खात्याकडे पोंचती करून पोंच घ्यावी. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ हा कायदा आहेच. परंतु कायद्याच्या धाकापेक्षां आपल्या व्यवसायाची नीति मोठी. दुसरें, मोडी वाचून मागण्यास कोणी गरजू आला तर जें लिहिलें असेल तेंच वाचावें. अस्पष्ट अक्षरास त्याच्या सोईचा अर्थ लावूं नये, आणि जुन्या ओळींत नव्या शाईनें घुसडलेला शब्द दिसल्यास तसें तोंडावर सांगावें. खोट्या मुद्रेचा दंड कौटिल्यानें सांगितला आहे. खोट्या वाचनाचा दंड खरा वारस भोगतो.

आमच्या कपाटांत त्या बाडाची जागा आतां रिकामी आहे. तेथें त्या नऊ पानांचीं छायाचित्रें ठेविलीं आहेत, व त्यांवरची ‘मोडीचा नमुना’ ही जुनी चिठ्ठी काढून गांवाचें नांव, साल आणि पानें कोठें परत दिलीं तें लिहिलें आहे. सातव्या पानाखेरीज उरलेल्या आठ पानांवर आणखी पुष्कळ कोरे रकाने आहेत. त्यांतील मुलेंमुली कोण व आज कोठें आहेत याचा शोध आम्हीं आरंभिला आहे.